तेलाचा हात

वसुधा नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि सहा वर्षं नुसती 'उल्हासची बायको' म्हणून राहिली. शेवटी तीन महिन्यांचा कोर्स करून तिने जुन्या बोटी उजळून देण्याचा धंदा स्वतःच्या नावावर काढला. ओळखीचे लोक हसले. हसेनात का बापडे! पहिलं काम मिळालं ते हार्मेन नावाच्या सत्तरीतल्या निवृत्त मास्तरांचं.

त्यांची फायबरची बोट चाळीस वर्षांची. मूळचा गडद निळा थर उन्हापावसाने पार पांढुरका झालेला, हात लावला की खडूची भुकटी निघावी तसं. बोट वडिलांनी घेतलेली, त्यामुळे तिच्यावर नवा रंग फासायला त्यांचं मन होईना. पण दुसरा उपाय दिसेना, म्हणून पेंटर सोमवारी यायचा होता.

"शुक्रवारपर्यंत जुना निळा परत उजळतो असं दाखव," ते म्हणाले, "मग पेंटर नको, बोटीचं काम तुझ्याकडे."

तीन दिवस शेवाळ खरवडण्यातच गेले. मग घासणं सुरू झालं. आधी पाणी लावून पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग पेस्ट. रंगाचा थर तो केवढासा, जरा जोर केला की खालचं फायबर उघडं पडायचं. म्हणून सगळं जपून, हातानेच. गुरुवारी संध्याकाळी पाहते तर मागच्या फळीवर ताटाएवढा तुकडा निळा, आणि बाकी बोट तशीच फटफटीत.

"खोबरेल तेलाचा हात फिरव," उल्हास घरी हसत म्हणाला. "आमच्या आईचं लाकडी कपाट दर दिवाळीला असंच नवं व्हायचं."

तो थट्टाच करत होता. पण बुडत्याला काडीचा आधार. शुक्रवारी सकाळी तिने केसांना लावायची बाटली नेली आणि बोटीची दर्शनी बाजू चोळून काढली. काय तो निळा उठला म्हणता!

हार्मेन आले आणि शेडच्या दारातच थबकले. डोळे भरून आले त्यांचे. त्यांनी फोन काढला आणि पेंटरचा नंबर शोधायला लागले.

आता गप्प बसली असती तर काम तिचंच होतं. पण ते भरलेले डोळे बघून तिला स्वतःची लाज वाटली. वरून कीर्तन, आतून तमाशा, हे तिच्याच्याने होईना.

"थांबा," ती म्हणाली. "हे नुसतं तेल आहे. चार दिवसांत उडून जाईल."

तिने थिनरचं फडकं एकदा फिरवलं. खाली तोच पांढुरका थर.

"म्हणजे निळा उरलाच नाही?" हार्मेननी विचारलं. आवाज पडला होता.

"उरलाय. मला वेळ पुरला नाही, म्हणून घाबरून हा उद्योग केला." तिने मागची फळी दाखवली. "इथे तेल नाही."

तिच्या शब्दावर आता कोण विश्वास ठेवणार? त्यांनी फडकं तिच्या हातातून घेतलं, थिनरमध्ये बुचकळलं आणि त्या तुकड्यावर चांगलं जोर लावून घासलं. फडकं पालटून पुन्हा घासलं. निळा जागचा हलला नाही.

"पूर्ण बोटीला किती दिवस?"

"तीन आठवडे. एक दिवस कमी नाही."

हार्मेननी फोन कानाला लावला आणि पेंटरला सांगितलं, सोमवारी येऊ नका, बोट वसुधा करते आहे.