माझ्या जागी

प्रदर्शनासाठी स्वतःचा फोटो हवा होता आणि महिनाभर काही सुचत नव्हतं. आरसा झाला, मुखवटा झाला, तोंडाला पीठ फासून झालं. सगळी नुसती नाटकं. आज फोकस लावायला बायकोला माझ्या जागी स्टुलावर बसवलं. ती नुकतीच कामावरून आली होती, पिशवीसुद्धा खांद्यावरच होती.

“आटप रे बाबा, पायांचे तुकडे पडलेत,” म्हणाली आणि बसल्या बसल्या पेंगली.

कॅमेऱ्यातून पाहिलं, तर माझ्या उचापतींचा सगळा शीण तिच्या चेहऱ्यावर उतरलेला. मी बटण दाबलं.

तिला उठवून फोटो दाखवला. “हाच देतो. नाव ठेवतो ‘मी’.”

“दे की,” ती जांभई देत म्हणाली. “आता तू माझ्या जागी जा. भांडी पडलीत.”