डावीकडचा भांग

“अहो, बसा की घटकाभर! तुमच्या फेऱ्या बघून मलाच गरगरायला लागलंय,” टेबलामागची मावशी म्हणाली.

तो बसला. खुर्ची कुरकुरली तसा पुन्हा उठला. दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापणाऱ्या माणसाला बसायची सवय नव्हती, आणि आज तर अंगात मुंग्या शिरल्यासारखं होत होतं. समोरच्या बंद दारामागे त्याची दहा वर्षांची लेक एका अनोळखी समुपदेशक बाईंशी बोलत होती. की बोलतच नव्हती? आतून काही ऐकू येत नव्हतं.

बायको भिंतीला टेकून बसली होती. बेकरीतून रजा काढून आली होती. तिने त्याला बस म्हटलं नाही, की उठ म्हटलं नाही. गेल्या रविवारपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

लेकीला घरात भिंगरी म्हणत. बायकोला उजाडण्याआधी भट्टीवर जावं लागे, म्हणून भिंगरीची वेणी घालायचं काम त्याच्याकडे होतं. सहामाही परीक्षेच्या सुमारास एका सकाळी कंगवा उजव्या कानाच्या वर अडखळला. तिथे नाण्याएवढी जागा मोकळी होती. आधी त्याला वाटलं, चाई पडली असेल. पण चाईची कातडी गुळगुळीत असते, दुकानात त्याने ती पुष्कळ पाहिली होती. इथे खुंट होते, कुठे आखूड, कुठे लांब. हे केस कुणीतरी उपटलेले होते.

“हे काय गं?”

“आपोआप होतं,” भिंगरी म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली.

त्याने भांग मधून काढून डावीकडे नेला, केसांची जाड बट उजवीकडे ओढली, दोन चिमटे लावले. काही दिसेना. मग रोज तसंच. जागा वाढत गेली, तशी त्याची कारागिरीही वाढत गेली. वार्षिक परीक्षेपर्यंत ती तळहाताएवढी झाली होती आणि शाळेत कुणाला पत्ता नव्हता. घरात बायकोलाही नव्हता. सुट्टी लागल्यावर पहिल्याच रविवारी बायकोने लेकीला न्हाऊ घातलं, आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

“मला का नाही सांगितलंत?” तिने विचारलं.

“तू काळजी करशील म्हणून.”

“लोक केसानं गळा कापतात म्हणतात. तुमचा तर धंदाच तो!”

दुसऱ्या दिवशी तिने या बाईंची वेळ घेतली. “सुट्टी आहे तोवर सुरू करायचं. एकदा शाळा उघडली की तुम्ही पुन्हा झाकत बसाल आणि मी पाव भाजत बसेन.”

दार उघडलं. “या ना आत,” बाई म्हणाल्या. तरुण होत्या, परत जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसल्या. भिंगरी शेजारी एक उशी कुस्करत होती.

“कारण काय पण?” त्याने बसायच्या आधीच विचारलं. “घरी कुणी हात उगारत नाही. शाळेत कुणी काही बोललं का?”

“कारण एकच असेल असं नाही. काही हळूहळू कळेल, काही कळणारही नाही. आधी हात कधी वर जातो ते तिला तिचं कळू दे. तो निघाला की मूठ मिटायची, नाहीतर ही उशी दाबायची. ती शिकतेय. तुमचं काम वेगळं आहे.”

“सांगा. काहीही करतो.”

“काही करायचं नाही. तिच्या डोक्याकडे बघायचं नाही. ‘हात खाली’ म्हणायचं नाही. वेणी तिची ती घालेल.”

“बाई, मी न्हावी आहे. माझी नजर आधी माणसाच्या डोक्यावरच जाते.”

भिंगरी खुदकन हसली. मग सतरंजीकडे बघत म्हणाली, “बाबा रोज मोजतो.”

“मी कुठे मोजतो गं?”

“बोटानं. कालच्यापेक्षा मोठं झालं का ते. मग गप्प होतो.”

बायकोने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

मग त्याचे हाल सुरू झाले. जेवताना तो ताटात बघे, चालताना लेकीच्या चपलांकडे. शेजारच्या खोलीत ती फार वेळ शांत बसली की याचा जीव टांगणीला लागे. उठून पाणी पी, खिडकी उघड, पुन्हा लाव. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला, असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. सकाळी भिंगरी आरशासमोर वेडीवाकडी वेणी घाली आणि हा दाराबाहेर उभा राहून हाताची बोटं चोळत राही.

एका दुपारी ती अंघोळीला गेली होती. याने तिच्या अंथरुणावरची उशी उचलली. खाली केस होते. त्याने ते वेचून तळहातावर घेतले, उजेडात धरले. मागे वळला तर भिंगरी दारात.

“मोज,” ती म्हणाली. “सांग किती आहेत.”

“तसं नाही गं बाळा...”

ती पुन्हा न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. बाहेर आली तेव्हा कानावरची जागा लालभडक झाली होती.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

“मी पण बघते,” शेवटी ती म्हणाली. “ती टीव्हीसमोर बसली की मागून. कपडे उचलायचं निमित्त करून.”

“तू पण?”

“दोघांनी एकदम आंधळं व्हायचं म्हणजे अवघडच आहे.” ती हसली, आणि हसता हसता तिने हातातला फ्रॉक डोळ्यांना लावला.

पुढच्या खेपेला त्याने बाईंसमोर लेकीला सांगितलं, “चुकलो मी. उशी उचलायला नको होती.”

भिंगरी उशीच्या टोकाशी खेळत होती. “त्यापेक्षा ओरड,” ती म्हणाली. “तू गप्प झालास की मला वाटतं, फार वाईट झालंय.”

“बरं. बोलत जाईन.”

“केसांवर नको. दुसरं काहीतरी.”

मग तो बोलायला लागला. दुकानातल्या गमती सांगायचा. टक्कल पडलेला एकजण दर महिन्याला ‘मागून थोडे लांब ठेवा’ म्हणतो, वगैरे. सुट्टी सरत आली. मोकळ्या जागेवर लव उगवली, एकदा पुन्हा गेली, परत उगवली. भिंगरी भांग मधोमध काढू लागली. उजवीकडचं सगळं दिसत होतं. त्याला ते बघून कसंसंच होई, पण तो दुकानातलीच गंमत पुढे सांगत राही.

शाळा उघडायच्या आधी ती दुकानात त्याचा डबा घेऊन आली. खुर्चीत नेहमीचा टपालवाला होता. त्याची नात बाकावर पाय हलवत बसली होती. तिने भिंगरीकडे पाहिलं, उठून जवळ येऊन पाहिलं.

“तुझे इथले केस कुठे गेले?”

“ए, असं विचारतात का!” टपालवाला खुर्चीतून म्हणाला.

न्हाव्याचा हात थांबला. ताप आला होता, चाई पडली, औषध चालू आहे, सगळं एकदम जिभेवर आलं. समोरच्या आरशात भिंगरी दिसत होती. त्याने ते गिळलं.

“मी उपटते,” भिंगरी म्हणाली.

“का?”

“माहीत नाही. हात जातो.”

“दुखतं?”

“तेव्हा नाही. नंतर.”

“अजून उपटतेस?”

“कधी कधी. काल नाही उपटले.”

छोटीने जरा विचार केला आणि आपले दोन्ही हात पुढे केले. “मी नखं खाते.”

भिंगरीने एकेक बोट वाकून तपासलं. “हा अंगठा बरा आहे,” ती म्हणाली. मग डबा बाकावर ठेवून तिच्या शेजारी बसली.

“काय झालं? थांबलात का?” टपालवाल्याने विचारलं.

“काही नाही. जरा मान खाली घ्या,” तो म्हणाला. टपालवाल्याने मान खाली घातली. त्याने आरशावरची नजर काढून मानेवर आणली आणि पुन्हा कात्री चालवायला लागला.