साठाचे बहात्तर

मी पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक. हिंगण्याच्या एका डेअरीत, राखाडी लोखंडी कपाटात राहतो आणि दूध तापवतो. म्हणजे वाफेचा व्हॉल्व्ह केव्हा किती उघडायचा, ते मी ठरवतो. शहाऐंशी साली लाकडी पेटीतून इथे आलो. तेव्हा नागपुरात माझ्यासारखे थोडेच होते, हे मी जरा ऐटीतच सांगतो.

मला दूध दिसत नाही. पाइपात बसवलेला सेन्सर मला विजेचा बारीकसा प्रवाह पाठवतो. दूध जितकं गरम, तितका प्रवाह जास्त. सगळ्यात कमी प्रवाह म्हणजे शून्य अंश आणि सगळ्यात जास्त म्हणजे एकशेवीस, असं मला बसवतानाच शिकवलं होतं. त्या हिशेबानं मी लाल आकडा दाखवतो आणि जंतू मरावेत म्हणून दूध बहात्तर अंशांवर धरून ठेवतो.

ऑपरेटर रुपराव माझ्यावर बेहद्द खूश. आधी वाफेचं चाक तो हातानं फिरवायचा. आता कोणी पाहुणा आला, की त्याला माझ्यासमोर उभा करायचा. "पाहा, याचा कधी डोळा लागत नाही."

एकदा सेन्सर बिघडला. इलेक्ट्रिशियन ओमप्रकाशनं स्टोअरमधला दुसरा बसवला. मला कोणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधल्या शोभाताई तरातरा आल्या.

"रुपराव, तापवलेलं दूध तपासणीत कच्चं निघून राहिलं. गाड्या थांबवा."

"काहून जी ताई? मशीन त बहात्तर दाखवून राहिली. तिले खोटं बोलून काय भेटते?"

"मले मशीनशी भांडाचं नाही. काचेचा थर्मामीटर लावून पाहू."

थर्मामीटर लावला. साठ! रुपरावनं तो काढून पुसला, पुन्हा लावला. साठच.

ओमप्रकाशनं धावत जाऊन नव्या सेन्सरवरची पट्टी वाचली. त्याचा चेहरा उतरला. "ताई, हा शंभराचा आहे जी. जुना एकशेवीसचा होता."

नव्या सेन्सरचा सगळ्यात जास्त प्रवाह म्हणजे शंभर अंश, आणि मी त्याला एकशेवीस समजत होतो. साठावरच्या दुधाला बहात्तर म्हणून मी वाफ आवरती घेत होतो.

"एक गाडी लकडगंजले निघून गेली," रुपराव हळूच म्हणाला.

"लेकराइच्या पोटात जाईन ते!" शोभाताई म्हणाल्या.

रुपरावनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोटारसायकलला किक मारली. लकडगंजात दुकानापुढे क्रेट उतरत होते. दुकानदार ओरडत असताना त्यानं ते एकेक करून परत गाडीत चढवले. इकडे ओमप्रकाशनं मला नवा हिशेब शिकवला. पिशव्या कापून दूध टाकीत ओतलं आणि पुन्हा तापवलं. थर्मामीटर बहात्तर म्हणाला, मीही बहात्तर म्हणालो. त्या दिवशी शहराला दूध उशिरा मिळालं. फोनवर शिव्या शोभाताईंनी खाल्ल्या, अगदी शांतपणे.

रुपराव बरेच दिवस माझ्याशी अबोला धरून होता. आता बोलतो. पण पाळी सुरू झाली, की आधी थर्मामीटर लावतो आणि मग माझा आकडा बघतो. मला त्याचा राग येत नाही. मी धडधाकट आहे, अजून पुष्कळ वर्षं दूध तापवीन. माझा सेन्सर खुशाल बदला, पण बदललात की मला सांगा. आणि मी कितीही ठामपणे आकडा सांगितला, तरी एकदा दुधालाही विचारा.