बाथरूमची जाळी

नवऱ्याने गाडी विकून सायकल घेतली, तेव्हा शिंपीणबाई मनापासून खूश झाली होती. तो नकाशे काढणारा, मोजमापात मुरलेला माणूस. आपल्या घरापायी हवेत किती कार्बन जातो याचा त्याने तक्ता करून भिंतीवर लावला. थंडी पडली तसा तो हीटरच्या मागे लागला. "घरातली ऊब फटींतून पळते," म्हणाला, आणि दोन रविवार खपून दारं-खिडक्यांच्या कडांना रबराच्या पट्ट्या ठोकल्या. हीटर निम्मा वेळ बंद राहू लागला.

"आता चोरालासुद्धा फट उरली नाही," सासूबाई म्हणाल्या. "यमाला मात्र आत घेऊन बसलोय की काय, देव जाणे!"

सगळे हसले.

बाथरूमची जाळी तेवढी राहिली होती. तिथून गार वारा यायचा. ती शिंपीणबाईच्याच डोळ्यांत खुपली. चिंध्या भरून तिने जाळीच्या मापाची जाड गादी शिवली आणि स्टुलावर चढून घट्ट बसवली. खाली त्याच भिंतीवर गॅसचा गिझर होता. त्याचा विचारही तिच्या मनाला शिवला नाही.

चारच दिवसांत सासूबाईंचं डोकं जड झालं. मग तिचं. सुईत दोरा ओवायला घेतला की दोन सुया दिसायच्या. बाहेर पडलं की बरं वाटायचं, घरात शिरलं की पुन्हा तेच.

"साथ आहे," शेजारीण म्हणाली.

शनिवारी सकाळी गिऱ्हाईकाचा कोट पोचवून ती परतली. सासूबाई खुर्चीत पेंगत होत्या. हाक मारली तर जीभ उचलेना. बाथरूममध्ये नळ धो-धो वाहत होता. अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणारा माणूस तो!

"अहो! ऐकताय ना? अहो!"

तिने दार ढकललं. आतून कडी होती.

तिने मशीनजवळची वजनदार इस्त्री उचलली आणि दारावर घातली. तिसऱ्या घावाला कडी निखळली. तो फरशीवर पडला होता, गाल विचित्र लाल. तिने त्याला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. मग सासूबाईंना. मग ती रस्त्यावर जाऊन ओरडली.

"गिझरचा विषारी वायू कोंडला," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला वास नसतो, काही नसतो. जाळी कोणी बुजवली?"

शिंपीणबाईने तोंड उघडलं.

"मी," नवरा डोळे मिटूनच म्हणाला.

त्याला खरंच आठवत नव्हतं, की तो तिला पाठीशी घालत होता? विचारायचा तिला धीर झाला नाही, तेव्हाही आणि नंतरही.

सासूबाई सावरल्या. तोही घरी आला, पण हात थरथरत राहिला. रोज टेबलाशी बसून तो रेघ ओढायचा. ती वाकडी जायची. नवा कागद न घेता तोच उलटा करून पुन्हा ओढायचा.

"जमेल हळूहळू," म्हणायचा.

ती मशीनवरून पाहायची, आणि पाय पायडलवर तसाच राहायचा.