शून्य लिहिण्याआधी

सत्तरी गाठली तरी घरात ती धाकटीच होती. थोरली ताई पंचाहत्तरची, आणि तिच्या लेखी धाकटीला अजून धड रस्ताही ओलांडता येत नव्हता. बाहेर मात्र धाकटीला वेगळंच नाव होतं. ज्या प्रयोगशाळेत तिनं सव्वीस वर्षं काढली, तिथं तिला सगळे मोजणीबाई म्हणत.

ताई न्हाणीघरात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर खाटेपाशी आले. वयानं लहान, बोलणं गोड. कमरेत सुई देऊ, पाय बधिर होतील, त्याच सुईतून थेंबभर मॉर्फीनही जाईल म्हणजे दिवसभर दुखणार नाही, असं त्यांनी समजावलं. नाकाला थोडी खाज सुटेल, तिचं काही मनावर घेऊ नका, हेही सांगितलं. खाजवायला तुमची परवानगी लागेल की आपापलं खाजवलं तरी चालेल, असं ताईनं विचारलं. डॉक्टर हसले, ताईची मुलगी हसली. धाकटी मात्र हसली नाही.

कारण मॉर्फीन हा शब्द कानावर पडला की तिला काचेच्या पेट्या दिसत.

कसले दिवस होते ते! लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या काचेच्या आठ पेट्या, खाली लाकडाचा भुसा आणि प्रत्येक पेटीत एक पांढरा उंदीर. वेदना थांबवणाऱ्या औषधानं खाज का सुटते, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना शोधायचं होतं. उंदराच्या पाठीच्या कण्यात औषध दिलं की थोड्या वेळानं तो मागचा पाय उचलून थोबाड खाजवू लागे, आणि एकदा सुरू झाला की थांबता थांबत नसे. ते खाजवणं मोजायचं, हे धाकटीचं काम. मुठीत मावेल असं मोजयंत्र, प्रत्येक खाजवण्याला अंगठ्याची एक टिचकी. कोणत्या उंदराला औषध दिलंय आणि कोणत्याला नुसतं मिठाचं पाणी, हे तिला सांगत नसत. म्हणजे मनाचं काही आकड्यात उतरू नये. सुरुवातीला घरी जेवतानासुद्धा तिचा अंगठा हलायचा. ताई म्हणायची, हिला सरकार खाजेचा पगार देतं.

पण त्या खोलीतली एक दुपार धाकटी कधी विसरली नव्हती. मॉर्फीनची खाज थांबवणारं एक औषध तपासायचं चाललं होतं. चौथ्या पेटीतला उंदीर आधी खूप खाजवत होता. औषध दिल्यावर हळूहळू थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, एकही टिचकी नाही. धाकटीनं मोठ्या ऐटीत रकान्यात शून्य लिहिलं, खाली रेघ ओढली आणि औषध लागू पडलं म्हणून सरांना हाक मारली. सर आले. वाकून त्यांनी बराच वेळ पेटीत पाहिलं. मग झाकण काढून उंदराला तळहातावर घेतलं. तो गार पडू लागला होता.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाई, शून्य लिहिण्याआधी पोटाकडे बघत जा."

पुढं त्या खोलीत तो नियमच झाला. खाजवणं थांबलं की घड्याळ लावून श्वास मोजायचे, तेही पूर्ण एक मिनिट. पाव मिनिट मोजून चारनं गुणायचं नाही, कारण औषधाच्या अंमलाखाली श्वास सारख्या अंतरानं येत नाही. दोन-तीन पाठोपाठ येतात, मग मोठा खंड पडतो.

ताईचं ऑपरेशन सकाळी आठला झालं आणि चांगलं झालं. अकरापर्यंत ती वॉर्डात आली. नाकात प्राणवायूची नळी, बोटाला चिमटा, तोंड मात्र मोकळं. पहिलं वाक्य बोलली ते असं की, माझे पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात. मग तिचा हात नाकाकडे गेला.

आधी नाक, मग गाल, मग मान. धाकटी खुर्चीत बसून बघत होती आणि तिचा अंगठा आपोआप तर्जनीवर टिचक्या देत होता. पाच मिनिटांत एकतीस. पुढच्या पाचांत चव्वेचाळीस. नाकपुडीच्या कडेला लाल ओरखडा उठला. ताई मधूनच थट्टा करी, की आयुष्यभर दुसऱ्यांची खाज मोजलीस, देवानं आता घरचीच दिली. पण एकच्या सुमारास थट्टा संपली, ती रडकुंडीला आली. सत्तर वर्षांत ताईला रडताना धाकटीनं दोनदा पाहिलं होतं, आईच्या वेळी आणि मेहुण्यांच्या वेळी. हे तिला बघवेना. ती नर्सकडे गेली, एकदा गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा आवाज चढवून बोलली. शेवटी नर्सनं फोनवर कुणाला तरी विचारून खाजेचं इंजेक्शन दिलं.

अर्ध्या तासात ताईचा हात पांघरुणावर येऊन स्थिर झाला. डोळे मिटले. भाचीनं सुटकेचा श्वास टाकला आणि मावशी, तुझ्यामुळं झालं, असं म्हणाली. नर्सनं तक्त्यावर काहीतरी लिहिलं. धाकटी खाली जाऊन चहा घेऊन आली. कित्येक तासांनी तिला जरा हलकं वाटत होतं.

परत येऊन खुर्चीत बसली, तेव्हा साडेतीन वाजले होते. सवयीनं अंगठा तर्जनीवर टेकला. पाच मिनिटं गेली. एकही टिचकी नाही.

शून्य.

हा आकडा मनात उमटला मात्र आणि धाकटी खुर्चीत ताठ झाली. तिला लख्ख आठवलं. हे इंजेक्शन त्या काळी त्यांनीही उंदरांना देऊन पाहिलं होतं. डासाच्या चाव्याची खाज त्यानं जाते. मॉर्फीनची खाज त्वचेतून उठतच नाही, ती कण्यातून उठते, तिला हे औषध लागू पडत नाही. उंदीर खाजवायचा थांबे तो खाज गेली म्हणून नव्हे, झोपेनं गुंगला म्हणून. सव्वीस वर्षं हे माहीत असलेल्या बाईनं आपल्या हट्टानं, आवाज चढवून, गुंगीवर गुंगी द्यायला लावली होती.

तिनं पोटाकडे पाहिलं. पांघरूण हलत नव्हतं.

मग हललं. एकदा, पाठोपाठ दुसऱ्यांदा. मग नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत राहिला आणि धाकटी स्वतःचाही श्वास रोखून बसली. ताईचे ओठ नेहमीपेक्षा काळपट होते की खिडकीच्या उजेडामुळं तसे दिसत होते, तिला ठरवता येईना. काटा फिरून वर आला. पूर्ण मिनिटात सहा.

तिनं ताईचा खांदा हलवला. ताई, ए ताई. पापणी अर्धी उघडली आणि पुन्हा मिटली. भाचीला ती म्हणाली की आईचा श्वास बरोबर नाही. भाचीनं चिमट्याच्या यंत्राकडे बोट दाखवलं, रक्तातल्या प्राणवायूचा सत्त्याण्णव आकडा होता, हिरवा, ठळक. झोपू दे ना मावशी, कालपासून डोळ्याला डोळा नाही तिच्या. धाकटीनं घंटेचं बटण दाबलं ते सोडलंच नाही.

नर्स आली ती कपाळाला आठ्या घालून. मघाशी खाज म्हणून डोकं खाल्लं, आता झोप लागली तर तेही खपत नाही, असं काहीसं पुटपुटली. तरी मनगट धरून, घड्याळाकडे बघून तिनं श्वास मोजले. पंधरा सेकंदांत तीन आले. चार त्रिक बारा.

"बारा आहेत आजी. ठीक आहे सगळं."

"पूर्ण मिनिट मोजा."

"आजी, मला अजून नऊ पेशंट आहेत."

"पूर्ण मिनिट," धाकटी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की तो तिला स्वतःचा वाटला नाही. "यंत्रावरचा तो आकडा नळीतल्या प्राणवायूमुळं आहे. तिच्या पोटाकडे बघा. पोरी, मी एकदा न बघता शून्य लिहिलंय."

नर्सला त्यातलं काय कळलं कोण जाणे. पण तिनं मनगट सोडलं नाही. दोघींनी मिळून पांघरुणाकडे पाहिलं. बारा सेकंद काहीच नाही. वीस सेकंद काहीच नाही. नर्सचा चेहरा बदलताना धाकटीनं पाहिला, आणि भीती खरी ठरताना माणसाला जे वाटतं ते तिला वाटलं. आपण चुकत असतो तर किती बरं होतं!

पुढचं सगळं भराभर झालं. नर्सनं ताईच्या छातीच्या हाडावर मुठीनं जोरात चोळलं, मोठ्यानं हाका मारल्या, श्वास घ्या आजी, घ्या श्वास. कालचे डॉक्टर धावत आले, आज हसतमुख नव्हते. शिरेतून औषध जाऊ लागलं, थोडं थोडं, थांबून थांबून. भाची भिंतीला टेकून उभी होती आणि मावशीचा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली. धाकटी मोजत होती. सात. मिनिट पूर्ण व्हायला हवं. नऊ. पुन्हा पहिल्यापासून. अकरा.

ताई कण्हली. आधी कपाळावर आठी आली, मग तोंड वाकडं झालं, खुबा दुखतोय म्हणाली. अंमल उतरवणारं औषध वेदनेचं पांघरूणही थोडं ओढून नेतं. आणि मग तिचा उजवा हात पांघरुणावरून उठला, चाचपडत वर गेला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन खाजवू लागला.

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडतेस कशाला?" ताईनं डोळे न उघडता विचारलं. "आणि खाज गेली नाहीच माझी. कसलं इंजेक्शन दिलंत?"

"खाजव," धाकटी म्हणाली. "हवं तेवढं खाजव."

डॉक्टर बाजूला घेऊन बोलले. लवकर लक्षात आलं, अजून तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं, असं म्हणाले. इंजेक्शनाचं त्यांनी विचारलं नाही, तिनंच सांगितलं, की ते मी मागून घेतलं. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. धाकटीला ती माहीत होती आणि कुणी बोलू नये असं तिला वाटत होतं. आता दिलेल्या औषधाचा असर तासाभरात ओसरेल, कण्यातलं मॉर्फीन मात्र उद्या सकाळपर्यंत राहील. म्हणजे हे पुन्हा होऊ शकतं. ताईला लक्ष ठेवण्याच्या खोलीत हलवू, तिथली नर्स दर तासाला श्वास मोजेल.

दर तासाला, धाकटीच्या मनात आलं. एका तासात साठ मिनिटं असतात.

तिनं नव्या खोलीत खुर्ची ओढून घेतली, खाटेला चिकटवून, अशी की पांघरुणाची घडी नेमकी डोळ्यांसमोर यावी. भाचीला तिनं जरा पाय पसरायला पाठवलं. ताई पेंगत होती, मधूनच गाल खाजवत होती, मधूनच धाकटीला घरी जा, जेव, म्हणून दटावत होती. मग हात खाली आला आणि थांबला.

धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं, मग पोटाकडे. एक.