दर गुरुवारी, दीड वाजता

मोबाइल कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन पाळणाघरवाल्या बाईंकडे वळवली आणि पेनाच्या टोकाने एका आकड्यावर टकटक केलं.

“काकू, हा तुमचा नंबर. महिन्याभरात दोन जीबी. आणि हा दुसरा, एकतीस.”

“उलटं वाचतेयस तू.”

“नाही हो. चौऱ्याहत्तरवाला नंबर कोणाचा?”

चौऱ्याहत्तरवाला नंबर तिच्या नवऱ्याचा होता. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. बाजारातले सगळे त्याला काटेवाले म्हणत. फोनवर फोटो आला तर तो उघडायलाही तो तिला हाक मारायचा. दोघांचा प्लॅन एकच, तिच्या नावावर, डेटा सामाईक. गेले कित्येक महिने विसाव्या तारखेलाच डेटा संपायचा आणि काटेवाले जेवता जेवता मोठ्या गांभीर्याने म्हणायचे, “पाळणाघरात पोरांना गाणी दाखवणं जरा कमी कर.” तीही बिचारी कमी करायची. शेवटी तर तिने गाणी स्वतःच म्हणायला सुरुवात केली होती, आणि पोरांनी ते निमूट सोसलं होतं.

“एकतीस जीबीचं करतात काय ते?”

“व्हिडिओ कॉल. जवळजवळ सगळा डेटा त्यातच गेलाय.”

पाळणाघरवाल्या बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पहिला विचार आला तो त्या वयात येऊ नये असा होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, कानात केस, शर्टाला कायम मशीनच्या तेलाचा वास. याच्याकडे व्हिडिओवर बघत कोण बसणार? तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

“आणि काकू, अजून एक,” मुलगी जरा चाचरली. “तुमच्या नंबरवर कॉल फॉरवर्ड चालू आहे. म्हणजे तुम्हाला कोणी साधा फोन केला, तर तो तुमच्याकडे वाजतच नाही. परस्पर त्या चौऱ्याहत्तरवाल्या नंबरवर जातो.”

“आमच्या घरात रेंज नसते,” ती म्हणाली. दोन वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती. मुलांचे आईबाप मेसेज करायचे, आणि एखाद्याने फोन केलाच तर काटेवाले घरी निरोप द्यायचे, ‘तुझा लागेना म्हणून मला केला.’

“रेंजचा प्रश्न नाही. हे बघा, वळवलेल्या कॉलची यादी. एरवी एखाददुसरा आहे. पण हा बघा, दर गुरुवारी, दीड वाजता. एक मिनिट, दीड मिनिट. लगेच त्या नंबरवर व्हिडिओ सुरू. सहा महिन्यांचंच दिसतं मला, पण एकही गुरुवार सुटलेला नाही.”

दीड वाजता पाळणाघरात पोरं झोपवायची वेळ. तेव्हा तिचा फोन दुसऱ्या खोलीत, कपाटावर असायचा.

“फोन कोणाचा येतो?”

“ते यात दिसत नाही. फॉरवर्ड काढू का?”

“काढ,” ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. रांगेतले दोघं मान वर करून बघू लागले.

कोणाचा ते तिला पायऱ्या उतरताना कळलं. कोणी सांगितलं नाही, उगाच मध्येच कळलं, आणि ती कठडा धरून उभी राहिली.

बिट्टी. दोन वर्षांपूर्वी, लग्नाला चार दिवस उरले असताना ठरलेलं लग्न मोडून, दुसऱ्याच माणसाबरोबर दुसऱ्या शहरात निघून गेलेली त्यांची एकुलती एक मुलगी. त्या वेळी बाप गप्प बसला होता. घर डोक्यावर घेतलं होतं ते आईने. घरोघर जाऊन आमंत्रणं तिने केली होती, आणि घरोघर जाऊन माफीही तिनेच मागितली होती. राग उतरायला आठ महिने लागले. उतरल्याचं तिने कोणाला सांगितलं नाही. नुसती फोनची वाट बघायला लागली. फोन आला नाही, तेव्हा पोरगीही आपल्यावरच गेली म्हणायची आणि पोरांच्या दुपट्यांच्या घड्या घालायची.

काटेवाले दुकानात एका तराजूचं पारडं कापडाने पुसत होते. समोर भिंतीला टेकून त्यांचा फोन उभा केलेला होता. आज गुरुवारच होता, आणि पंधरा मिनिटांनी दीड वाजणार होता. तिला दारात बघून त्यांनी फोन पालथा घातला.

“पोरं कोणाकडे सोडलीस?”

“मदतनीस बाईंकडे. माझा फोन तुमच्याकडे का वाजतो?”

त्यांनी पारडं हळूच खाली ठेवलं. नाही म्हणाले नाहीत. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आता दोन वर्षांत ती कुठून लागली, हा प्रश्न वेगळा.

“तूच सांगितलं होतंस,” ते म्हणाले. “‘तिचा फोन माझ्या फोनवर वाजता कामा नये.’ तुझा फोन तर तू विहिरीत टाकायला निघाली होतीस. मी सिमबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. त्यात ही सोय होती.”

कुठल्याही काट्याला हात लावण्याआधी त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. ग्रॅमचा फरक पडला तरी गिऱ्हाइकाला परत बोलावणारा. सांगितलं तेवढं केलं होतं, काटेकोर.

“रागात म्हणाले होते मी!”

“मग राग गेला हे कधी सांगितलंस?”

तिला इतका संताप आला होता की समोरचं पारडं उचलून फेकावंसं वाटलं. आणि तो संताप कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

“तुम्ही तरी सांगायचंत.”

“भीती वाटली. म्हटलं, कळलं तर एवढंही बंद करशील.” ते पुन्हा तेच पारडं पुसू लागले. “माझ्या नंबरवर कर म्हटलं तिला, किती वेळा. ऐकत नाही. दर वेळी तुझाच नंबर लावते. म्हणते, कधीतरी आई उचलेल. मी उचलला की जरा गप्प होते, मग व्हिडिओ लावते.”

पाळणाघरवाल्या बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. शंभरावर गुरुवार झाले असतील. त्यातल्या प्रत्येक गुरुवारी ती भिंतीपलीकडे दुसऱ्यांच्या लेकरांना थोपटत होती.

“आणि एवढा वेळ बोलता काय दोघं?”

“बोलत कुठे असतो? ती फोन खाली जमिनीवर ठेवते. मी बघत बसतो.”

“काय बघता?”

“रांगणं. आता धरून धरून उभं राहतंय.”

“कोण?”

काटेवाल्यांनी जमिनीपासून तीन वीत वर तळहात धरला आणि तो थोडासा आणखी वर नेला. अंतर बरोबर आहे की नाही याची खात्री करत असल्यासारखे ते त्या हाताकडेच बघत राहिले. मग म्हणाले, “मुलगी आहे. गेल्या महिन्यात एक वर्षाची झाली.”

तीस-पस्तीस पोरांना तिने बोट धरून चालायला शिकवलं होतं. त्या सगळ्यांची पहिली पावलं तिला तारखेनिशी आठवत होती.

तेवढ्यात फोन वाजला. काटेवाल्यांचा हात सवयीने त्यांच्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. वाजत होता तो तिच्या पिशवीत. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कापड हातातून गळून पडलं.

नंबरवर नाव नव्हतं, कारण नाव तिनेच पुसलं होतं. शेवटचे चार आकडे मात्र पाठ होते. एवढ्या दिवसांत मनात जुळवलेलं केवढं तरी बोलणं होतं. रागाचं, रुसव्याचं, समजावणीचं. त्यातलं एक वाक्यही आठवेना. तिने बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

“बाबा, लावू व्हिडिओ?” पलीकडून दबक्या आवाजात बिट्टी म्हणाली. “का आई आहे जवळ?”

“आहे,” ती म्हणाली. “लाव.”