वाईटच सांगायचं

माझ्या आद्रिएलच्या शाळेत त्याच्या आढाव्याची सभा गुरुवारी होती आणि माझी नणंद विल्नेलिया सोमवारपासूनच माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली होती. तिची मुलगी विशेष शिक्षणात शिकूनच मोठी झाली, त्यामुळे आमच्या याबुकोआ गावातल्या आयांना या सभेसाठी तयार करणं हा तिने आपला हक्कच मानलाय.

"समज, मी पर्यवेक्षकबाई," ती म्हणाली आणि खुर्चीत ऐसपैस बसली. "सांगा बाई, मुलगा कसा आहे?"

"छान आहे, देवाच्या कृपेने. खूप सुधारलाय."

"गेली!" तिने टेबलावर हात आपटला. कॉफी सांडली. "गेली तुझी मदतनीस! उचल पर्स आणि चल घरी."

या सभेचा न्यायच उलटा आहे. वर्षभरात पोर काय शिकलं ते आईने कौतुकाने सांगितलं, की तेवढी मदत कापली जाते. म्हणून जाताना पोराचा सगळ्यात वाईट दिवस तोंडपाठ करून जायचं. विल्नेलियाने एकदा तोंड उघडलं होतं, पोरगी आज आपली आपण बसमध्ये चढली म्हणून. पुढच्याच महिन्यात बस बंद झाली. तेव्हापासून पोरीने काहीही करून दाखवलं तरी ती चारचौघांत रडका चेहरा करूनच फिरते.

वाईट सांगायला माझी ना नव्हती. पण ते सांगून ज्या बाईला शाळेत ठेवून घ्यायचं होतं, तीच माझ्या डोळ्यांत सलत होती.

तिचं नाव सुलमारी. पंचविशीतली पोरगी. शाळेत दिवसभर आद्रिएलबरोबर राहायचं, हे तिचं काम. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याच्याकडे मोजकेच शब्द आहेत. त्यातला एक 'सु'. आईसाठी शब्द नाही. शाळा सुटली की गेटवर तो तिच्या गळ्याला मिठी मारतो, मग ती एकेक बोट सोडवून त्याला माझ्या हवाली करते. घरी आला तरी त्याच्या शर्टाला तिच्या खोबऱ्याच्या क्रीमचा वास येत राहतो. तो शर्ट मी मळलेला नसला तरी धुवायला टाकते. वर ही मला 'डोन्या नेरेइदा' म्हणते, जशी काही मी साठी गाठली आहे. आणि स्वभावाने इतकी गोड, की कुणाकडे तिची चुगली करायचीही सोय नाही. मला तिचा हेवा वाटतो. रोज वाटतो.

तिच्याकडे सगळं होतं आणि माझ्याकडे एक चमचा होता.

नाताळानंतर मी आद्रिएलला स्वतःच्या हाताने जेवायला शिकवलं. टीव्ही बंद, पंखा बंद, भात एका ताटलीत, राजमा दुसऱ्या ताटलीत, आणि मी समोर न बसता बाजूला बसायचं. किती भात जमिनीवरून पुसला ते विचारू नका. आता घरी तो आपला आपण जेवतो. शाळेच्या भोजनगृहात मात्र पोरांचा तो कलकलाट सुरू झाला, की ताट भिरकावतो आणि कान झाकून टेबलाखाली शिरतो. तिथे सुलमारी त्याच्या मागोमाग टेबलाखाली जाते आणि भरवते.

"घरी कोण भरवतं?" विल्नेलिया पुन्हा पर्यवेक्षकबाई झाली.

"कुणी नाही. तो स्वतः जेवतो. मी शिकवलंय."

"अगं ए शहाणे! ते काय लिहितील? 'स्वतः जेवतो.' झालं! तुझा बंद पंखा कोण लिहिणार आहे? घरी जेवतो म्हणजे शाळेतही जेवेल, मदतनीस हवी कशाला?"

"पण कळू दे ना लोकांना. नाहीतर सगळं तिनेच शिकवलं असं होतं."

"लोकांना की त्या पोरीला?"

मी घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की हे प्रकरण माझ्या हातात आहे. एकच वाक्य, तेही खरं, आणि सुलमारी दुसऱ्या शाळेत. मग गेटवरची मिठी माझी. गुरुवारपर्यंत मी ते वाक्य जिभेवर घोळवत होते, आणि त्याची चव चांगली लागत होती.

गुरुवारी विल्नेलिया बाहेर बाकावर बसली आणि मी आत गेले. पर्यवेक्षकबाई, वर्गशिक्षिका, सुलमारी आणि मी. पर्यवेक्षकबाईंनी आधीच सांगून टाकलं, की मदतनीस कमी पडताहेत, ज्या मुलांचं भागतंय त्यांची काढून घ्यावी लागेल.

"जेवणाचं काय?" त्यांनी विचारलं.

"शाळेत मीच भरवते," सुलमारी म्हणाली. मग माझ्याकडे बघून इतकं गोड हसली, की मला ताट भिरकावावंसं वाटलं. "पण हुशार आहे हो तो. घरी डोन्या नेरेइदांनी जरा त्याच्या हातात चमचा दिला ना, तर शिकेल. त्यांचाही दोष नाही, आईचा जीव असतो. लाडाने भरवत असतील."

वर्गशिक्षिकेने समजूतदारपणे मान हलवली. माझे कान तापले. ते वाक्य अगदी दातांपर्यंत आलं. हिचं तोंड कसं पडेल, तेही मला दिसलं, आणि काय बरं वाटलं!

"घरी कसं असतं, बाई?" पर्यवेक्षकबाईंनी पेन टेकवलं.

आणि मग मला ते टेबल दिसलं. खाली आद्रिएल, कान झाकून. आणि त्याच्या मागे कुणीच वाकत नाहीये.

"मीच भरवते," मी म्हणाले. "तो रडला, की मला बघवत नाही. चमचा मीच घेते."

बाईंनी लिहून घेतलं. मदतनीस आणखी एक वर्ष राहणार. आणि खाली त्यांनी एक ओळ जोडून मोठ्याने वाचून दाखवली, 'मुलाला स्वतःच्या हाताने जेवायला कसं शिकवावं, याचं आईला मार्गदर्शन मिळावं.'

"मी करते ना!" सुलमारीने टेबलावरून माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. "शनिवारी तुमच्या घरी येते. अजिबात अवघड नाही, बघा तुम्ही."

"या, मिसी," शाळेतली पोरं बाईंना म्हणतात तसं मी म्हणाले. "शिकवा मला."